ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी लिखित साहित्याची सिद्धता

प्रास्ताविक

‘ऑनलाइन अभ्यासक्रम’ हे शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर कॅमेऱ्याकडे पाहून बोलणारा अध्यापक उभा राहतो. चित्रफीत म्हणजेच अभ्यासक्रम, आणि लिखित मजकूर म्हणजे तिच्या सोबतीला दिलेली टिपणे, असा समज बराच रूढ आहे. प्रत्यक्षात विद्यार्थी अशा अभ्यासक्रमात ऐकतो त्याहून कितीतरी अधिक वाचतो. परिचयपत्र, वेळापत्रक, घटकाची उद्दिष्टे, पाठ, उदाहरणे, प्रश्न, प्रश्नांच्या उत्तरांवरील अभिप्राय, स्वाध्यायाच्या सूचना, शंकांची उत्तरे हे सारे लिखितच असते. भारत सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या मंचावरील अभ्यासक्रमाचे चार भाग मानले जातात : दृक्-श्राव्य पाठ, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन. या चारांपैकी तीन भाग मुख्यतः लेखनावर उभे आहेत. पहिल्या भागालाही आधी संहिता लिहावीच लागते.

‘उपयोजित मराठी’च्या अभ्यासात हा विषय येण्याचे कारण येथेच आहे. मराठी उत्तम लिहिता येणाऱ्या व्यक्तीची गरज असलेले हे एक नवे कार्यक्षेत्र आहे. आपण स्वतः दूरशिक्षणाचे विद्यार्थी आहात. त्यामुळे कोणते वाक्य वाचून आपण पुढे सरकलो आणि कोणते वाचून पुस्तिका मिटली, याचा जो अनुभव आपल्यापाशी आहे तो वर्गात शिकलेल्या लेखकापाशी सहसा नसतो.

पत्रापासून पडद्यापर्यंत

लेखनाच्या आधारे दूरवरच्या व्यक्तीला शिकविणे ही कल्पना संगणकाहून फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी १८४० पासून आपली लघुलेखनपद्धती पोस्टाने शिकविली. शिष्याने मजकूर लिहून पाठवावयाचा आणि गुरूने तो तपासून परत धाडावयाचा, असा हा व्यवहार होता. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली व १९७१ मध्ये त्याचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. आपल्याकडे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. या साऱ्या संस्थांना पहिल्याच पावलावर एक अडचण भेडसावली. नेहमीचे पाठ्यपुस्तक हे शिक्षक सोबत आहे असे गृहीत धरून लिहिलेले असते. शिक्षक बाजूला काढला की ते पुस्तक पुष्कळदा मुके होते.

मूळचे स्वीडिश शिक्षणतज्ज्ञ बोर्ये होल्मबर्ग यांनी यावर जो विचार मांडला, त्याचा आशय असा की दूरशिक्षणाचा मजकूर हा विद्यार्थ्याशी केलेला, दिशा देणारा संवाद असावा. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातील डेरेक राउन्ट्री यांनी अशा लेखनाला छापील शिकवणीची उपमा दिली. दोघांच्या म्हणण्याचा गाभा एकच आहे : चांगला शिक्षक समोर बसून जे जे करतो, ते ते कागदाने, आणि आता पडद्याने, करावयास हवे. तो थांबतो, विचारतो, चेहरा वाचतो, तेच पुन्हा दुसऱ्या शब्दांत सांगतो. यांपैकी चेहरा वाचणे तेवढे मजकुराला शक्य नाही. म्हणून विद्यार्थी कोठे अडखळेल याचा अंदाज लेखकाला लिहिण्यापूर्वीच बांधावा लागतो.

आधी काय लिहावे?

बहुतेक नवे लेखक पाठापासून आरंभ करतात व पाठ पूर्ण झाल्यावर उद्दिष्टे आणि प्रश्न जोडतात. हा क्रम उलटा केलेला बरा. प्रथम उद्दिष्टे, मग ती साध्य झाली की नाही हे दाखविणारे प्रश्न आणि त्यानंतर त्या प्रश्नांपर्यंत विद्यार्थ्याला नेणारा पाठ, असे काम केले म्हणजे पाठात अनावश्यक माहिती शिरत नाही.

उद्दिष्टांमध्ये ‘समजेल’, ‘परिचय होईल’, ‘आकलन होईल’ अशी क्रियापदे सर्रास आढळतात. ‘या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांस ऱ्हस्व-दीर्घाचे नियम समजतील’ हे वाक्य पाहा. समजले किंवा नाही हे विद्यार्थ्याने कसे ओळखावे? त्याऐवजी ‘दिलेल्या नामांची सामान्यरूपे तुम्हांस अचूक लिहिता येतील व अपवादाचे कारण सांगता येईल’ असे लिहिले की विद्यार्थी स्वतःची परीक्षा स्वतः घेऊ शकतो. बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बौद्धिक उद्दिष्टांची जी श्रेणी मांडली, तिचा उपयोग या ठिकाणी होतो. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण यांपैकी आपण विद्यार्थ्याकडून नेमके काय मागत आहोत, हे लेखकाला स्वतःशी ठरवावे लागते. मात्र श्रेणीतील प्रत्येक पायरीचे एकेक उद्दिष्ट असलेच पाहिजे असा अट्टहास काही ठिकाणी दिसतो. तो निरर्थक आहे.

वेळेचा हिशेबही याच टप्प्यावर करावा. मुक्त शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचे अध्ययन मानतात. चार श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाला १२० तास होतात व तो १६ घटकांत विभागला तर एका घटकाच्या वाट्याला साडेसात तास येतात. या साडेसात तासांत वाचन, चित्रफीत, सराव, स्वाध्याय व उजळणी हे सर्व बसवावयाचे असते. नोकरी व घर सांभाळून शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यापाशी रात्रीचा एखादा तासच असेल, तर एक घटक त्याला आठवडाभर पुरतो. लेखकाने घटकात दुप्पट मजकूर कोंबला तर त्याची विद्वत्ता कदाचित दिसेल, पण विद्यार्थी मागे पडेल. मागे पडलेला विद्यार्थी बहुधा तक्रार करीत नाही, तो येणेच थांबवितो.

पाठाचे लेखन : एक उदाहरण

तात्त्विक चर्चेपेक्षा एखादा परिच्छेद प्रत्यक्ष घडताना पाहणे अधिक उपयोगी ठरेल. समजा, ‘उपान्त्य इकार-उकारांचे लेखन’ हा आपला उपघटक आहे. व्याकरणाच्या पुस्तकात हा भाग साधारणपणे असा येईल :

‘मराठी अकारान्त शब्दांतील उपान्त्य इकार व उकार दीर्घ लिहावेत. तत्सम शब्द यास अपवाद होत. उपान्त्य दीर्घ स्वर सामान्यरूपाच्या वेळी ऱ्हस्व होतो. तथापि दीर्घोपान्त्य तत्सम शब्दांत तो दीर्घच राहतो.’

यात चुकीचे एक अक्षरही नाही. ज्याला नियम आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठी हा परिच्छेद उत्तम आहे. नव्याने शिकणाऱ्याला मात्र चार वाक्यांत अकारान्त, उपान्त्य, तत्सम, सामान्यरूप अशा चार संज्ञा ओलांडाव्या लागतात, आणि वाटेत उदाहरण एकही भेटत नाही. आता हाच भाग असा लिहून पाहू :

‘“गरीब” हा शब्द मोठ्याने उच्चारा. आता “गरिबाला” हा शब्द उच्चारा. पहिल्या शब्दात “री” लांबली. दुसऱ्या शब्दात ती आखूड झाली. “फूल” आणि “फुलाला”, “वकील” आणि “वकिलाला” या जोड्यांतही हेच घडते. शब्दातील शेवटून दुसऱ्या अक्षराला उपान्त्य अक्षर म्हणतात. प्रत्यय लागण्यापूर्वी मूळ शब्दाचे रूप बदलते, त्या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. तेव्हा आपला नियम असा झाला : मूळ शब्दातील उपान्त्य “ई” किंवा “ऊ” सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. पुढे जाण्यापूर्वी “मूल”, “जीभ” व “पूर” या शब्दांना “ला” प्रत्यय लावून वहीत लिहा.’

दुसरा परिच्छेद लांबला आहे, हे खरे. पण त्यात विद्यार्थ्याच्या परिचयाचे शब्द आधी येतात, संज्ञा नंतर येते व नियम सर्वांत शेवटी. शिवाय तत्सम शब्दांचा अपवाद येथे मुद्दाम राखून ठेवला आहे. नियम हाताला बसण्यापूर्वी अपवाद सांगितला की दोन्ही निसटतात. पुढच्या परिच्छेदात ‘शरीर – शरीराला’, ‘गीत – गीताला’ ही उदाहरणे द्यावीत आणि तेथे एक गोष्ट स्पष्ट सांगावी : पहिल्या नियमात कान मदतीला येतो, या अपवादात तो पुरेसा नाही. शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे काय, हे येथे माहीत असावे लागते.

मराठीत संवादरूप लेखन करताना संबोधनाचा प्रश्न उपस्थित होतो. ‘विद्यार्थ्याने वाचावे, त्याने लिहावे’ अशी रचना केली की सर्व विद्यार्थिनी वाक्याबाहेर राहतात. ‘तू’ वापरल्यास ‘वाचतोस’ की ‘वाचतेस’ हे ठरवावे लागते, शिवाय प्रौढ वाचकाला ते रुचत नाही. ‘तुम्ही वाचता’, ‘तुम्ही लिहाल’ या रूपांत लिंगभेद दिसत नाही व आदरही राखला जातो. म्हणून ‘तुम्ही’ हे संबोधन सोयीचे आहे. मात्र एकदा ‘तुम्ही’ स्वीकारले की मध्येच ‘आपण’ आणि ‘विद्यार्थ्यांनी’ यांकडे घसरू नये. विशेषतः ‘आपण’ या शब्दाचे ‘तुम्ही’ व ‘आपण सर्व’ असे दोन्ही अर्थ होत असल्याने सूचनांमध्ये त्याने घोटाळा होतो. विवेचनात तो चालतो, आणि या लेखातही तो आला आहेच.

आणखी एक शब्द टाळावा : ‘सोपे’. ‘हा नियम अगदी सोपा आहे’ असे लेखक धीर देण्यासाठी लिहितो. ज्याला तो नियम दोनदा वाचूनही उमगला नाही, त्याच्यापर्यंत त्या वाक्यातून वेगळाच अर्थ पोहोचतो. पंधरा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा पुस्तक उघडणाऱ्या व्यक्तीच्या मनात ‘आपल्याला हे जमेल का’ ही शंका आधीच असते.

प्रश्न आणि अभिप्राय

ऑनलाइन साहित्याचे सामर्थ्य कोठे असेल तर ते येथे आहे. छापील पुस्तिकेत उत्तरे शेवटच्या पानावर असतात. पडद्यावर मात्र विद्यार्थ्याने जे उत्तर निवडले, नेमके त्यालाच उद्देशून दोन शब्द सांगता येतात. हे सामर्थ्य बहुसंख्य अभ्यासक्रमांत वाया जाते, कारण लेखक प्रश्न लिहितो आणि अभिप्रायाची जागा यंत्राच्या ‘बरोबर’ व ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ या ठोकळ्यांवर सोडून देतो.

वरील उपघटकावरचा प्रश्न घेऊ. ‘शरीर’ या शब्दाला ‘ला’ प्रत्यय लावल्यास योग्य रूप कोणते? एका विद्यार्थिनीने ‘शरिराला’ हा पर्याय निवडला. तिने निष्काळजीपणा केला आहे काय? मुळीच नाही. तिने ‘गरीब – गरिबाला’ हा नियम नीट लक्षात ठेवला आणि प्रामाणिकपणे लावला. तिला ‘चूक’ एवढेच सांगितले तर ती कदाचित बरोबर शिकलेल्या नियमावरचाच विश्वास गमावील. तिच्यासाठीचा अभिप्राय असा हवा : ‘“गरीब – गरिबाला” हा नियम तुम्ही येथे लावला आहे. तो नियम बरोबर आहे. पण “शरीर” हा तत्सम शब्द आहे व अशा शब्दातील दीर्घ उपान्त्य स्वर सामान्यरूपातही दीर्घ राहतो. म्हणून “शरीराला”. आता “गीत” या शब्दाचे रूप करून पाहा.’

दुसऱ्या एखाद्या प्रश्नात विद्यार्थी ‘विष’ हा शब्द ‘वीष’ असा लिहील. येथेही कारण आहे : ‘कीस’, ‘फूल’ यांप्रमाणे अकारान्त शब्दाचा उपान्त्य स्वर दीर्घ, हा नियम त्याने पुढे नेला. ‘विष’, ‘गुण’, ‘मधुर’ हे तत्सम शब्द त्या नियमात येत नाहीत. यावरून पर्यायी प्रश्न रचण्याचे सूत्र मिळते. प्रत्येक चुकीचा पर्याय हा एखाद्या संभाव्य गैरसमजातून निघालेला असावा. जो पर्याय कोणीही निवडणार नाही, तो केवळ जागा अडवितो. योग्य उत्तरालाही अभिप्राय द्यावा. दोन पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला तरी तो निम्म्या वेळा बरोबर येतो, आणि असा विद्यार्थी कारण न कळताच पुढे जातो.

साहित्याच्या अध्यापनात हे काम अवघड होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वरील घटकात ‘हे पुस्तक कोणत्या वाङ्मयप्रकारात मोडते?’ असा पर्यायी प्रश्न घालणे सहज शक्य आहे, आणि त्याने फारसे काही साधत नाही. ‘लेखिका स्वतःवरच हसते असा एक प्रसंग निवडा व तो विनोद कशामुळे घडतो ते आठ-दहा वाक्यांत लिहा’ हा प्रश्न वाचन मागतो. पण त्याचे उत्तर यंत्र तपासू शकणार नाही, आणि शेकडो विद्यार्थी शेकडो प्रसंग निवडतील. येथे लेखक नमुना उत्तर देण्याकडे वळतो. एकच नमुना दिला की तो पाठ केला जातो व परीक्षेत अक्षरशः परत येतो. त्याऐवजी एक चांगले व एक कच्चे अशी दोन उत्तरे द्यावीत आणि दुसरे कच्चे का वाटते हे विद्यार्थ्यालाच विचारावे. सोबत स्वतःचे उत्तर पडताळण्यासाठी दोन-तीन नेमके प्रश्न असावेत : तुमच्या उत्तरात केवळ प्रसंगाचे कथन आहे, की विनोदाचे कारणही आले आहे? लेखिकेच्या भाषेविषयी तुम्ही काही म्हटले आहे का? असे प्रश्न उत्तर देत नाहीत, पण तपासायला शिकवितात.

आपली प्रगती तपासा : ‘दिव्याला’, ‘वकिलाला’ व ‘सूत्राला’ या तीन रूपांपैकी कोणते रूप वरील अपवादाखाली येते? ज्याने ‘सुत्राला’ असे लिहिले त्याच्यासाठी तीन वाक्यांचा अभिप्राय तयार करा.

सूचनांची भाषा

‘विद्यार्थ्यांनी स्वाध्याय विहित नमुन्यात विहित मुदतीत सादर करणे अनिवार्य आहे, अन्यथा विचार केला जाणार नाही.’ हे वाक्य परिचयाचे वाटते ना? त्यात धमकी आहे, माहिती नाही. नमुना कोठे आहे, मुदत कोणती, सादर करणे म्हणजे काय करावयाचे, विचार होणार नाही म्हणजे गुण मिळणार नाहीत की परीक्षेला बसता येणार नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. विषय येत असूनही केवळ सूचना न उमगल्यामुळे गुण गमावणे यासारखी अन्यायाची गोष्ट नाही, आणि तिचे उत्तरदायित्व लेखकाचे आहे.

चांगल्या सूचनेत एका वाक्यात एकच कृती असते व कृती ज्या क्रमाने करावयाच्या त्याच क्रमाने वाक्ये येतात. ‘उत्तर वहीत हाताने लिहा. प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो घ्या. सर्व फोटोंची एकच पीडीएफ फाइल करा. ती रविवारी रात्री १२ वाजेपर्यंत “स्वाध्याय १” या पानावर अपलोड करा.’ येथेही एक खाच आहे. ‘रविवारी रात्री १२’ म्हणजे शनिवार संपतो ती वेळ की रविवार संपतो ती? ‘रविवारी रात्री ११.५९ पर्यंत’ असे लिहिले की शंका उरत नाही. दुव्यांच्या बाबतीतही ‘येथे क्लिक करा’ असे वारंवार लिहिण्यापेक्षा ‘स्वाध्यायाचा नमुना उघडा’ असे लिहावे, म्हणजे पुढे काय उघडणार हे वाचणाऱ्याला, तसेच पडदावाचकाच्या साहाय्याने ऐकणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यालाही, कळते.

पडद्यावरील मराठी

पुष्कळ विद्यार्थी मोबाइलवर वाचतात. कागदावर आठ ओळींचा दिसणारा परिच्छेद मोबाइलवर पडदाभर पसरतो. म्हणून परिच्छेद लहान ठेवावेत, पण प्रत्येक वाक्याचा वेगळा परिच्छेद करून विचाराचे तुकडे पाडू नयेत. रुंद कोष्टके टाळावीत.

मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेले काम संबंधित फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसते, त्यात शब्द शोधता येत नाही व पडदावाचक ते वाचू शकत नाही. छापील पानाचे छायाचित्र लावणे हीदेखील तशीच पळवाट आहे. युनिकोड वापरूनही मराठीच्या काही खुणा पडताळून पाहाव्या लागतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. टंकताना हा भेद हरवला तर अर्थच बदलतो. ‘ॲ’ हे अक्षर काही जुन्या मोबाइलवर नीट उमटत नाही, तेही पाहून घ्यावे. लेखनात महाराष्ट्र शासनमान्य लेखनविषयक नियम पाळावेत व एका संज्ञेसाठी संपूर्ण अभ्यासक्रमात एकच शब्द ठेवावा. एका घटकात ‘सामान्यरूप’ आणि दुसऱ्यात ‘विकारी रूप’ असे झाले तर विद्यार्थी त्या दोन निराळ्या गोष्टी समजेल.

स्वामित्वहक्क

भारतीय स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. केशवसुत १९०५ मध्ये, बालकवी १९१८ मध्ये व साने गुरुजी १९५० मध्ये निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य आता सर्वांना खुले आहे. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ मध्ये झाले. म्हणजे त्यांच्या कविता २०५९ अखेरपर्यंत संरक्षित राहतील. जुन्या कृतीच्या नव्या आवृत्तीतील प्रस्तावना व टीपा यांवर संपादकाचा स्वतंत्र हक्क असतो, हे अनेकदा विसरले जाते. अध्यापनासाठी कायद्यात काही सवलती आहेत. परंतु विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा देणे आणि तो संकेतस्थळावर सर्वांसाठी कायमचा ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी असल्याने संपूर्ण कविता घेताना लेखी परवानगी घेणे इष्ट. ती मिळण्यास वेळ लागतो, म्हणून उताऱ्यांची यादी लेखनाच्या आरंभीच करावी.

वाचून पाहणारा पहिला विद्यार्थी

लिहून झालेला घटक विषयतज्ज्ञाला दाखविण्याची रीत आहेच. तज्ज्ञ चुका काढतो, पण तो अडखळत नाही, कारण त्याला विषय ठाऊक असतो. यासाठी मुक्त विद्यापीठांत विषय-संपादनाखेरीज अनुदेशन-तंत्राच्या दृष्टीने संपादन करण्याची पद्धत आहे. त्याहूनही उपयुक्त ठरतो तो प्रत्यक्ष विद्यार्थी. विषय नवा असलेल्या दोन-तीन व्यक्तींना घटक मोबाइलवर वाचावयास द्यावा, शेजारी बसावे आणि बोलू नये. ती कोठे मागे सरकली, कोठे एकच ओळ पुन्हा वाचली, कोणता प्रश्न वाचून ‘म्हणजे काय?’ म्हणाली, हे टिपून घ्यावे. समजावून सांगण्याचा मोह आवरणे फार कठीण जाते. पण आपण जे तोंडी सांगू पाहतो, तेच वाक्य मजकुरात नसते आणि ते तेथे लिहावयाचे असते. वाचनाला लागलेला वेळही नोंदवावा व तो आरंभीच्या हिशेबाशी ताडून पाहावा.

सरावासाठी : या अभ्यासक्रमाच्या कोणत्याही पुस्तिकेतून तुम्हांस वाचताना कठीण गेलेला एक परिच्छेद निवडा. तो का कठीण गेला हे तीन-चार वाक्यांत लिहा. त्यानंतर मूळ आशयातील काहीही न गाळता तो मोबाइलवर वाचण्याजोग्या संवादरूपात पुन्हा लिहा, त्यावर एक पर्यायी प्रश्न रचा आणि प्रत्येक पर्यायासाठी स्वतंत्र अभिप्राय लिहा. पूर्ण झालेले काम घरातील किंवा कामाच्या ठिकाणच्या एका व्यक्तीला वाचावयास देऊन तिने विचारलेल्या शंका समासात नोंदवा.